पंपाला कुलूप

पंक्चर काढून मिळेपर्यंत शिंपीकाका सायकलच्या दुकानात बाकावर बसले होते. त्यांचे कान असे तिखट, की पलीकडच्या गल्लीत सुई पडली तर इथून दोरा ओवतील. तेवढ्यात कोपर सोललेली एक सून सायकल ढकलत आत शिरली आणि तिच्यामागून तणतणत तिचे सासरे.

“दादा, एक भक्कम कुलूप द्या.”

“सायकलला?”

“नाही, पंपाला! रोज अर्धा डांबरी, अर्धा खडीचा रस्ता तुडवायचा, म्हणून मी रुंद टायरची सायकल निवडली. हवा मुद्दाम कमी ठेवते. आणि हे आमचे बाबा पहाटे उठून टायर दगडासारखे टणक करून ठेवतात!”

“मग? घरची सून चपट्या चाकांवर कामाला जाते, लोक काय म्हणतील?”

“काल खडीवर आपटले, बाबा! चाक चेंडूसारखं उडत होतं.”

“हवा भरल्यानं कधी कुणी पडतं का?”

“काका, बरोबर आहे त्यांचं,” दुकानदार सासऱ्यांना म्हणाला. “ मऊ टायर खडीला धरून चालतो.”

“झालात तुम्हीही तिच्या बाजूचे!”

“मग तुम्हीच चालवून बघा, बाबा. मागच्या गल्लीत खडीच आहे. ही घ्या, काढली हवा.”

सासरे तरातरा गेले. चांगला लांब फेरा मारून आले, ते आणखीच लालबुंद होऊन.

“काय झालं? पडलात?” शिंपीकाकांनी बाकावरून विचारलं.

“पडतोय कशाला! गादीवरून गेल्यासारखा गेलो. सगळी नोकरी सायकलवर टपाल वाटत कंबरडं मोडून घेतलं मी, आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही?”