परग्रहावरचा संसार

नाचाचा प्रयोग संपला. अंगावरचा रुपेरी रंग धुवायला नर्तकी नळाच्या रांगेत उभी राहिली. पुढे प्रेक्षकांतल्या दोघी बहिणी होत्या.

“ताई, तुला काही कळलं का गं?”

“त्या परग्रहावर दोघी बायका सुखानं संसार करतात आणि कुणी नाक मुरडत नाही. एवढं कळलं.”

“मग रडत काय होतीस?”

“आपल्या आक्काची मैत्रीण आठवली. आक्काच्या आजारपणात सगळं तिनंच केलं. आपण मात्र अजून तिला भाडेकरूच म्हणतो.”

“मग काय म्हणायचं?”

“थांब, फोनच लावते.”

नळ मोकळा झाला, तरी नर्तकी जागची हलली नाही.

“आक्का? तुझ्याशी नंतर बोलते. आधी वहिनीला दे, तिचे आभार मानायचे राहिलेत. अगं, कुठली वहिनी काय विचारतेस? एकच तर आहे आम्हाला!”