परीक्षा ताईची, कोंडमारा दाजींचा

...अहो, परीक्षा ताईची होती! जनावरांच्या शस्त्रक्रियेतली तज्ज्ञ व्हायची. पण तुम्हाला सांगतो, कोंडले गेले ते आमचे दाजी! ताई दोनदा नापास झालेली, ही तिसरी खेप, आणि तिच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले, 'हे बघा, नुसत्या हुशारीनं कुणी पास होत नाही. झोप हवी, सराव हवा आणि मुख्य म्हणजे घरची साथ हवी!' झालं! आता घरात दुसरं आहे कोण? साथ म्हणजे दाजी!

टीव्ही बंद, फोन मुका, शिंक आली तर जिन्यात जाऊन शिंकायची! जरा मित्राकडे जाऊन येतो म्हणावं, तर ताई म्हणणार, 'जा की... मी आणि माझं नशीब, बघून घेऊ.' आता कुठल्या तोंडानं जाणार माणूस? साथ हवी ना, साथ!

बरं, गप्प बसून तरी सुटका? छे! तोंडी परीक्षेच्या सरावाला परीक्षक कोण? दाजी! कापडाच्या दुकानात मीटर धरणारा माणूस हो! 'कुत्र्याच्या... प्ली... प्लीहेची...' की ताई कडाडली, 'परीक्षक असा चाचरतो का? दरडावून विचारा!' दरडावलं, तर रडायला लागली! मऊ बोलावं, तर 'कीव करताय माझी?' इकडे आड, तिकडे विहीर! रविवारी तर सतरंजीवर आडवं पाडून त्यांचा गुडघा वाकवून बघितला. 'भुंकू का?' दाजींनी विचारलं. 'चेष्टा नको. कळवळा!' साथ हो, साथ!

उजाडला एकदाचा परीक्षेचा दिवस. केंद्राच्या दारात गाडी थांबली, आणि ताई उतरेचना! 'मला नाही जमणार हो... तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं परत येऊ?' दाजी म्हणजे या दिवसाची चातकासारखी वाट बघणारा माणूस, पण अगदी मनापासून म्हणाला, 'चल घरी. नाही दिलीस तरी माझ्यासाठी तू तज्ज्ञच आहेस. उद्यापासून पुन्हा बसू अभ्यासाला.'

'पुन्हा? तुमच्याबरोबर?' ताईनं डोळे पुसले, दार आपटलं आणि गेली की तरातरा आत!

पास झाली हो! दाजी तर दुकानात गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडले. घरी येऊन पाय पसरून, आवाज मोठा करून सामना लावला, तोच ताई आली. 'ऐकलंत का? माझ्या दोन ज्युनियर पुढच्या वर्षी परीक्षेला बसतायत. बिचाऱ्यांना घरची साथ नाही... म्हटलं, आमच्याकडे येऊन राहा!'

दाजींनी टीव्ही बंद केला. एवढंच म्हणाले, 'चहात साखर किती घेतात?'