वातावरण आपलंच होतं

...आणि वर मलाच विचारतात, "कांचन, आपण पडलो कसे?" आता तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ मी ह्या माणसाला? सत्तरी उलटलेली, आयुष्यभर न्यू जर्सीत पूल बांधले, रिटायर झाले, आता निवांत बसावं, मागच्या अंगणात टोमॅटो लावावेत, खारींवर ओरडावं... नाही. आमच्या ह्यांना बरो काउन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं!

बरो म्हणजे काय, तर आमचं गाव हो, एवढंसं. चहूकडे मोठी टाउनशिप आणि मधे आम्ही, मेदूवड्याच्या भोकाएवढे. काउन्सिलची एक जागा रिकामी झाली, तीही उरलेल्या एका वर्षापुरती. समोर उभ्या कोण? लिंडा मर्फी. चार घरं सोडून राहतात, लायब्ररीत जुन्या पुस्तकांचा सेल लावतात, गावातल्या झाडून सगळ्या कुत्र्यांची नावं त्यांना पाठ. अशा बाईसमोर उभं राहायचं? पण हे म्हणाले, "घाबरतेस काय, वातावरण आपलं आहे."

तुम्हाला सांगते, ह्यांना ती जागाबिगा नकोच होती. ह्यांना निकाल हवा होता. निकाल म्हणजे चाळीसगावचा! नगरपालिकेची मोजणी आत, गाव बाहेर, आणि आमचे हे शाळेच्या कंपाउंडवर चढून बसलेले. आतून कुणीतरी खिडकीतून बोट दाखवायचं की इकडे ताशा सुरू. गुलाल एवढा, की घरी आल्यावर सासूबाई आधी नाव विचारायच्या आणि मग आत घ्यायच्या. आणि आवाज! "आवाज असा की छातीत वाजायचा, कांचन." हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. मी स्वतः तिथे राहिले किती, तर चार सुट्ट्या... पण चाळीसगावचा वॉर्ड न् वॉर्ड मला तोंडपाठ. इतकी वर्षं इथे निघाली, त्या माणसाला एकच हौस राहिली होती. एकदा आपल्या नावाने कुणीतरी असं ओरडावं. मला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणून तर गप्प बसले.

मग प्रचार सुरू झाला. प्रचार म्हणजे आमचं बेसमेंट. दर शुक्रवारी पोरं जमायची. नागपूरचा शंतनू, पुण्याचे रुचा आणि ईशान, सगळी सॉफ्टवेअरवाली, आणि त्यांचे मित्र, मित्रांचे रूममेट, रूममेटचे आईवडील... "काकू, काय मस्त झालीय मिसळ." "काका, तुम्हीच येणार यार, क्लिअर आहे." फलक झाले, टीशर्ट झाले, ढोलपथकाशी बोलणं झालं, गुलालाची पोती आली. मी जिन्यात उभी राहून विचारलं, "अहो, पण ह्यांतले मतदार किती?"

"आधी वातावरण तयार होऊ दे."

आता ऐका. शंतनू राहतो आमच्याच बरोत, पण व्हिसावर, म्हणजे मत नाही. रुचा-ईशान व्हिसावर. निम्मं बेसमेंट व्हिसावर! उरलेले आमच्या वयाचे, डॉक्टर, इंजिनियर, ह्यांचे सगळे जुने मित्र. ते सिटिझन, पण राहायला रस्त्यापलीकडे. पोस्टाचा झिपकोड एक, दूध आणायचं दुकान एक, पण रस्त्याच्या मधल्या पिवळ्या रेषेपलीकडे टाउनशिप, म्हणजे गाव वेगळं, काउन्सिल वेगळं. म्हणजे एवढ्या गर्दीत ह्यांना मत देऊ शकणारे कोण? हे आणि मी. पूल बांधणारा इंजिनियर हो, नकाशा वाचण्यात जन्म गेला... आणि नदी कुठे आहे तेच बघितलं नाही!

बरं, अमेरिकनांच्या दारी गेले नाहीत असं नाही. गेले. आणि दारात उभं राहून सांगितलं काय? चाळीसगाव. ती बिचारी माणसं थंडीत दार उघडं धरून ऐकायची, "वॉव" म्हणायची. हे घरी येऊन सांगायचे, "वातावरण चांगलं आहे."

मतदान झालं. टपालाची मतं मोजता मोजता शुक्रवार उजाडला. सगळ्यांचं वर्क फ्रॉम होम, म्हणजे आमच्या होममधून. दुपारी आमची उर्वी, मुलगी माझी, निकालासाठी तिच्या गावाहून आलेली, लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, इट्स अपडेटेड."

"कोण?"

"लिंडा. नॉट इव्हन क्लोज, बाबा."

झालं. एवढंच. पान उघडलं, पान मिटलं. घरात एवढी माणसं आणि फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अगं, कुणी ओरडलंसुद्धा नाही. पडलेल्याचंही काहीतरी वाजतं गावात. हा असा निकाल असतो?" तुम्हाला खरं सांगते, मला रडू आलं. मतांसाठी नाही. त्या कंपाउंडवरच्या पोरासाठी.

तेवढ्यात तो शंतनू उठला. "काका, मी इथे आल्यापासून कुठेच मत दिलेलं नाही. इथे देता येत नाही, तिकडे जाता येत नाही. ह्या दोन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, आपलं कुणीतरी उभं आहे. मिरवणूक कॅन्सल करायची नाही."

"अरे, मी पडलोय."

"मग हळू वाजवू."

हळू? ढोल कधी हळू वाजतो? बाहेर पडले सगळे. देवरेकाका झिंदाबाद! मेपलची पानं पडलेली, त्यावर गुलाल, ह्यांना खांद्यावर घेतलेलं, हे "अरे उतरवा, गुडघा, गुडघा" म्हणतायत आणि डोळे पुसतायत. आणि मिरवणूक पोचली कुठे? लिंडाबाईंच्या दारात!

बाई बाहेर आल्या. ढोल बघितले, माणसं बघितली, हात असे छातीवर. "ओह माय गॉड... फॉर मी?"

शंतनूची टिपरी वरच्या वर. आता हे काय बोलतात, मी बघतेय. हे खांद्यावरून उतरले, मूठभर गुलाल घेतला, त्या बाईच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "येस लिंडा. फॉर यू." बाई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मुलं फ्लोरिडात, त्यांनी फोनवर अंगठा पाठवला, बाकी गावातून कुणी दारात आलं नाही.

इथे संपायला हवं होतं की नाही? नाही. जागा एका वर्षाची, पुढच्या नोव्हेंबरात त्यांना परत उभं राहायचंय. दुसऱ्या दिवशी बाई पाय घेऊन हजर, खायचा, सफरचंदाचा. "मिस्टर देवरे, एवढी माणसं तुम्ही आणता कशी? माझ्या मीटिंगला पाच जण येतात." आणि आमचे हे त्यांचे प्रचारप्रमुख झाले! शुक्रवारची बैठक आमच्याच बेसमेंटमध्ये, लिंडाबाई झिंदाबाद, सगळी तीच व्हिसावाली पोरं. मी परत जिन्यात उभी. "अहो, पण ह्यांतले मतदार किती?"

"मतांचं लिंडा बघेल. माणसं माझी."

बरं. म्हणजे मतं लिंडाबाईंची, माणसं ह्यांची... आणि खालची ती सगळी भांडी बिनविरोध माझी.