तुळशीपुढे गुडघे टेकून

"मुलगी गुणाची आहे गं, पण रोज सकाळी तुळशीपुढे गुडघे टेकून रडते."

सासूबाई स्वयंपाकघरातून फोनवर मावशींना सांगत होत्या आणि खिडकीबाहेर मी तशीच गुडघे टेकलेली.

रडत कसली? लग्नानंतर मला फुलांवरच्या किड्यांचे फोटो काढायचं वेड लागलंय. माझ्या फोटोत मंजिरी अगदी स्पष्ट येते, मधमाशी म्हणजे नुसता तपकिरी डाग. कुठेतरी वाचलं, वरून काढू नका, माशीच्या डोळ्यांसमोर या, श्वास रोखा. म्हणून आमच्या मुलुंडच्या तळमजल्याच्या अंगणात मी खाली वाकून श्वास रोखायचे. माशी उडाली की मोठा सुस्कारा. मागून बघणाऱ्याला काय वाटणार!

संध्याकाळी नवऱ्याने बॅगच पुढे ठेवली. "आई म्हणते, महिनाभर माहेरी, घाटकोपरला राहून ये. बरं वाटेल तुला."

"संकोच करू नकोस हो," म्हणत सासूबाईंनी डोळे पुसले.

कुणी इतक्या मायेने बोललं की माझी वाचाच बसते. पण त्याच दिवशी पहिल्यांदा माशीचा एक डोळा स्पष्ट आला होता. आता महिनाभर गेले तर संपलंच. धीर करून म्हटलं,

"अहो आई, मला इथेच राहू द्या ना. माहेरी चौदावा मजला आहे, तुमच्याकडे माश्या जास्त आहेत."