गोळ्यांवर भागेल

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एक शिक्षिका नंबराची वाट बघत वह्या तपासत होती. शेजारी एक सासू बसली होती. तिची सून तपासणी करून बाहेर आली.

“काय म्हणाल्या?”

“गर्भाशयात लहानशी गाठ आहे, आई. म्हणून अंगावरून इतकं जातं.”

“मग पिशवी कधी काढायची?”

“काढायची कशाला? गोळ्यांवर भागेल म्हणाल्या.”

“नीट ऐकलंस ना? मलाही हेच होत होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी काढली माझी.”

“तेव्हा औषधं नसतील.”

“होती की. शेजारणीला दिली होती. तुझे सासरे म्हणाले, दर महिन्याची कटकट नको, एकदाची काढून टाका. सही करून मोकळे झाले.”

“आणि तुम्ही?”

“मला कोण विचारतंय! मला मुलगी हवी होती गं.”

शिक्षिकेची तांबडी पेन्सिल एकाच ओळीवर थांबली होती.

“बाबांना कधी बोलला नाहीत?”

“बोलले ना. म्हणाले, उद्या सून येईल, तीच तुझी मुलगी.”

“मग आले की मी.”

“आलीस. गुणाची आहेस. पण मुलगी नाहीस.”