पंधरा वर्षांची अट

न्यायालयात दावा दाखल करायच्या खिडकीसमोर, माझ्या पुढे सासू आणि सून उभ्या होत्या. दोघीही सुइणी, सुनेचा परवाना राज्याने नुकताच रद्द केलेला.

“अजून वेळ आहे. आरोग्य खात्याच्या कागदावर सही कर, उद्या तात्पुरता परवाना मिळेल.”

“आई, त्यात राज्याचा नवा कायदा मान्य आहे, असं लिहिलंय.”

“लिहू दे. अंगाला भोकं पडतात का?”

“सही केली की दावाच संपला. बाहेरच्या राज्यात जन्मलेल्यांनी म्हणे पंधरा वर्षं इथे राहायचं, मगच काम करायचं. देशाची घटना सांगते, नागरिकाने कुठेही काम करावं.”

“घटना येते का बाळंतपणाला? निकालाला दोन वर्षं लागली तर?”

“लागू देत. अकरा वर्षं झाली मला इथे. वन्संचं बाळ पायाळू होतं, तेव्हा कुणी विचारलं माझं जन्मगाव?”

“मी तर तेव्हा तुझ्यावर ओरडत होते, हात लावू नकोस म्हणून.”

“मी ऐकलं नाही म्हणून बरं.”

“पुढे या,” खिडकीतला कारकून म्हणाला. “अकरा वर्षांच्या रहिवासाचा साक्षीदार कुठे आहे?”

“शेजारचे मास्तर येणार होते. मुलाची सरकारी नोकरी आठवली त्यांना.”

“मग आज दाखल होणार नाही.”

“मी आहे की! तिची सासू. हे माझं ओळखपत्र.”

“काकू, ओळखपत्रावर तुम्हीही सुईण दिसताय. दावा राज्याविरुद्ध आहे. तुमच्या परवान्याचं नूतनीकरण कधी?”

“पुढच्या महिन्यात.”

“मग?”

“मग नाव ठळक लिहा. खात्याला शोधायला त्रास नको.”