टोपी ठरली, भाषा राहिली

…आणि मी म्हणतो, टोपीचा रंग ठरवायला तीन मीटिंगा लागतात का हो? तीन! तुम्हाला सांगतो, मी एकलहऱ्याला वीजकेंद्रात होतो ना, तिथे एवढ्या वेळात आख्ख्या बॉयलरची दुरुस्ती ठरायची आणि होऊनही जायची. आणि इथे काय, तर उन्हाळी शिबिराला येणाऱ्या चाळीस पोरांच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून एक टोपी घालायची. पण भगवी म्हटलं की एक जण घसा खाकरतो, हिरवी म्हटलं की दुसरा, निळी म्हटलं की तिसरा खुर्ची मागे सरकवतो, आणि पांढरी म्हटलं तर चौथा म्हणतो, पांढरी नको, ती पुढाऱ्यांची… अरे, पोरांचं डोकं वाचवायचंय की पक्ष वाढवायचाय? शेवटी जांभळी ठरली. का? तर जांभळ्या रंगावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही म्हणून! आणि शिबिर? शिबिर आलं एकवीस दिवसांवर!

थांबा, शिबिर कसलं ते सांगायचंच राहिलं. आम्ही सगळे मूळचे सटाणा-देवळ्याकडचे. नोकरीनिमित्त नाशिकला आलो, नाशिकरोडला घरं बांधली, आणि चार टाळकी एकत्र जमली की मंडळ काढायचं हा आपला धर्मच आहे, तसं मंडळ काढलं. अध्यक्ष कोण, तर चिमाजीअण्णा. प्लॉटिंगचा धंदा, गळ्यात चेन, आणि दर वाक्याला 'आपली संस्कृती'. त्यांचा पुतण्या प्रफुल्ल, तो सचिव. त्याचा धंदा बॅनरचा, त्यामुळे त्याला जगातला कुठलाही प्रश्न दहा बाय पंधराचाच दिसतो. तर या अण्णांच्या मनात आलं, की आपल्या पोरांना आता आपली अहिराणी येत नाही, सबब मे महिन्यात दहा दिवसांचं अहिराणी शिबिर घ्यायचं. विचार चांगला. मी पहिला हात वर केला, नाही म्हणत नाही. माझी नात तेजल, दहा वर्षांची, तिला अहिराणीतलं ओ की ठो कळत नाही. माझी फार इच्छा होती हो, की या पोरीच्या कानावर ती बोली पडावी. बाकी काही नको होतं मला.

पण ही माणसं! अहिराणी शिबिराची मीटिंग चालायची कुठल्या भाषेत? तर अशा शुद्ध मराठीत, की पुण्याच्या माणसानं वही काढून लिहून घ्यावं! 'सन्माननीय सभासदांनी याची नोंद घ्यावी…' आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सगळं इंग्लिशमध्ये. गुड मॉर्निंग डिअर अहिराणी फॅमिली! मी एकदा विचारलं, अण्णा, आपल्यात बोलतं कोण अहिराणी? सगळे चहाच्या कपात बघायला लागले. अण्णा म्हणाले, "वाल्मीकराव, बोलणं वेगळं आणि जतन करणं वेगळं." वा! म्हणजे लोणचं आहे का ते, बरणीत घालून दादरा बांधून ठेवायला?

मग पाहुणा. उद्घाटनाला पाहुणा हवा. मी विचारलं, पाहुण्याला अहिराणी येते का, तर प्रफुल्ल म्हणतो, "काका, पाहुण्याला बोलायचं थोडंच आहे, त्याला उद्घाटन करायचंय." आणि मग निघाला बॅनर. काय सांगू तुम्हाला त्या बॅनरचं… चौतीस फोटो! अध्यक्ष, माजी अध्यक्ष, भावी अध्यक्ष, स्वागतोत्सुक, शुभेच्छुक, आणि एका कोपऱ्यात अण्णांचा नातू, वय वर्षं दोन, गॉगल घालून. कोणाचा फोटो वर, कोणाचा खाली, यावरून दोन जण रुसले, एकानं राजीनामा दिला, त्याला परत आणायला तिघे गेले आणि जेवूनच आले. बॅनर चौकात लागला. मी खाली उभा राहून चष्मा पुसून पुसून वाचला. भव्य आहे, दिव्य आहे, उन्हाळी आहे, शिबिर आहे… पण कसलं शिबिर? अहिराणी हा शब्दच नाही! फोटोंच्या गर्दीत जागाच उरली नाही त्याला. दोन दिवसांत अकरा फोन आले, की पोहायचा तलाव किती खोल आहे? आणि शिबिर आलं सोळा दिवसांवर!

बरं, पालक तरी शहाणे असावेत? राखी म्हणून एक बाई आल्या, मुलाचं नाव घालायला. सटाण्याच्याच सूनबाई. मला विचारतात, काका, याला पुढे स्कोप काय? मी म्हटलं, बाई, तुमच्या सासूबाई दारात उभ्या राहून काय म्हणतात ते पोराला कळेल, एवढा स्कोप आहे. त्या म्हणाल्या, मग नको. त्यापेक्षा रोबोटिक्सला घालते.

आता ऐका खरी गंमत. तारखा. अगदी सुरुवातीलाच अण्णा म्हणाले होते, आपल्या संस्कृतीचं काम आहे, मुहूर्तावर सुरू झालं पाहिजे. पंचांग उघडलं, गुरुजींना फोन लावला, मे महिन्यातला असा काही उत्तम दिवस शोधून काढला की ज्याचं नाव ते! अहो, पण तोच दिवस आमच्या सटाण्याकडच्या आख्ख्या बागलाणानं लग्नासाठी शोधला होता ना! उत्तम मुहूर्त काय एकट्या अण्णांच्या पंचांगात छापलेला असतो? तो दिवस आणि पुढचे आठ दिवस, अशी लग्नांची दाट तीथ, की सटाण्यात घोडा मिळेना, बँड मिळेना, आणि आम्हाला मास्तर मिळेनात!

कारण शिकवायला आम्ही सहा जण ठरवले होते. गावाकडची अस्सल माणसं. नवसाबाई म्हणून सटाण्याच्या एक आजी आहेत, त्या बोलायला लागल्या की रस्त्यानं जाणारा माणूस पिशवी खाली ठेवतो. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, नऊ दिवसांत अकरा लग्नं आहेत, त्यातल्या तीन ठिकाणी तर मी दोन्हीकडून आहे. देवळ्याचे कारभारी मामा, त्यांची उन्हाळ कांद्याची काढणी चाललेली, कांदा साठवायची चाळ भरायची बाकी. मी म्हटलं, मामा, दहा दिवसांचा प्रश्न आहे, आपल्या भाषेचं काम आहे. मामा शांतपणे म्हणाले, "कांदा सडस भाऊ. बोली काय सडस का?" आणि फोन ठेवला.  असे सहाच्या सहा गेले. आणि शिबिर आलं अकरा दिवसांवर!

मग बसली तातडीची मीटिंग. आणि तुम्हाला सांगतो, माणसानं नावं ठेवावीत पण हळू आवाजात ठेवावीत. मी आपला नेहमीप्रमाणे म्हणालो, की चाळीस पोरं, चाळीस टोप्या, चौतीस फोटो आणि मास्तर शून्य, शोभतं का हे? अण्णांनी माझ्याकडे बघितलं, हसले, म्हणाले, "वाल्मीकराव, मग तुम्हीच शिकवा. तुमच्याइतकी तळमळ कुणाला आहे?" आणि टाळ्या! मला वाटलं होतं निदान एक जण तरी म्हणेल की छे, यांना कशाला. कुणी नाही. आणि खोटं कशाला बोलू, मनातून मी सुखावलो होतो. म्हटलं, यांना काय येतंय, दाखवतो आता अहिराणी काय असते ते. मी विसरलो की काय? माझी मायबोली आहे, आईच्या दुधाबरोबर प्यालोय!

पालकांसाठी एक नमुन्याचा वर्ग ठेवला, डेमो. शाळेचा हॉल. पुढे पोरं, मागे पालक, आणि शेवटच्या रांगेत आमची सौभाग्यवती सुलाबाई, पर्स मांडीवर घेऊन. मी ठरवलं होतं, आमच्या वडिलांचा बैल गिरणेच्या पात्रात बसला होता ती गोष्ट सांगायची. उभा राहिलो. अशी रंगवली गोष्ट! बैल काय, पाणी काय, वडील काय, हातवारे काय… पाव तास बोलत होतो. घाम पुसला. म्हटलं, विचारा पोरांनो, काही शंका?

पहिल्या रांगेतून हात वर झाला. आमचीच तेजल. "आबा, अहिराणी कधी सुरू होणार?"

हॉल हसला. अण्णा हसले, प्रफुल्ल हसला, अहो, शाळेचा शिपाई हसला. मला आधी कळेच ना. मग आठवून बघितलं मी काय बोललो ते… पाव तास मी आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारखं मराठी बोललो होतो, मधूनमधून 'आहे'च्या जागी 'शे' टाकून, पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसं! मला वाटत होतं मी अहिराणी बोलतोय. नाही आली हो. तोंडात आलीच नाही. चाळीस वर्षांत ती कधी गेली, मला कळलंसुद्धा नाही.

आणि एकच माणूस हसलं नव्हतं. सुलाबाई.

आता हे सांगायला नको होतं, पण विषय निघालाय म्हणून सांगतो. पंच्याऐंशी साली लग्न करून तिला एकलहऱ्याच्या कॉलनीत आणलं. अस्सल देवळ्याची, बोलायला लागली की घर दणाणायचं. आमच्या साहेबांच्या घरी हळदीकुंकू होतं, तिथे ही आपल्या बोलीत काहीतरी बोलली आणि बायका फिदीफिदी हसल्या. मला दुसऱ्या दिवशी कामावर एकानं तिची नक्कल करून दाखवली. मी घरी आलो आणि तिला सांगितलं, बाहेर असं बोलायचं नाही. पुढे पोरं झाली तेव्हा सांगितलं, पोरांसमोर तर अजिबात नाही. मला तिची लाज वाटली होती. झालं, ती गप्प झाली. मराठी शिकली, माझ्यापेक्षा चांगली. देवळ्याच्या बहिणीचा फोन आला तरच काय ती अहिराणी, तीही स्वयंपाकघरात, दार लोटून. आणि मी बाहेर बसून त्या बॅनरवाल्यांना हसत होतो. मी तर तिचा शब्द घरातून काढला होता, यांनी नुसता बॅनरवरून काढला!

घरी आलो. शिबिर आलं सहा दिवसांवर. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, सुला, तू शिकव. तिनं गॅस बारीक केला. आणि मला उत्तर दिलं ते असं स्वच्छ, शुद्ध मराठीत दिलं, की मला तिथेच बसावंसं वाटलं. "अहो, पोरांसमोर बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मग शिबिराला काय मोठी माणसं येणार आहेत?"

काय बोलणार? बोला, तुम्ही काय बोलला असता? मी म्हटलं, चुकलो. चाळीस वर्षांत हा शब्द मी तिच्यासमोर पहिल्यांदा काढला, तर ती म्हणते कशी, "भाजीला मीठ घातलंय का बघा." म्हणजे माफी मिळाली की नाही ते आजतागायत कळलेलं नाही!

दोन दिवस नुसती भाजी आणि मीठच चाललं. तिसऱ्या दिवशी देवळ्याहून बहिणीचा फोन आला आणि तिनं दार लोटलं नाही. उघडं ठेवलं. तेजल अभ्यास टाकून तिथे जाऊन बसली. मी हॉलमध्ये पेपर उलटा धरून ऐकत होतो. ही बहिणीला सांगत होती, "हाऊ आते पोरेस्ले शिकाडी राह्यना, माय!" म्हणजे, हा आता पोरांना शिकवतोय! आणि दोघी हसत होत्या, माझ्यावरच. ती नात काहीही कळत नसताना खिदळत होती. आणि तुम्हाला खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं, की मी उठलोच नाही, न जाणो, माझी चाहूल लागून दार लोटलं जायचं.

फोन ठेवला आणि मला तिच्या अटी मिळाल्या. बॅनरवर फोटो नको. टोपी-टॉवेल-नारळाचा सत्कार नको. माईक नको. पोरं जमिनीवर गोल करून बसतील, आणि पाहुणा आला तर त्यानंही जमिनीवर बसायचं. अण्णांना सांगितलं तर त्यांचा चेहरा असा झाला… फोटो नको म्हणणारं माणूस त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. प्रफुल्ल म्हणाला, काकू, निदान एक छोटा फ्लेक्स? ती म्हणाली, त्यावर 'अहिराणी' लिहा आणि बाकी सगळं कोरं ठेवा. त्याला दोन दिवस झाले ताप आलाय.

आणि शेवटची अट माझ्यासाठी. मी पण रोज यायचं, पोरांच्यात बसायचं. येईल तेवढं अहिराणीत बोलायचं, येत नसेल तर गप्प बसायचं. अहो, माझ्यासारखा माणूस! गप्प! दहा दिवस!

तर आता शिबिर आलंय उद्यावर. सकाळीच माझा प्रवेश-अर्ज भरून दिला तिनं, मंडळाच्या नियमाप्रमाणे. विद्यार्थ्याचं नाव, वाल्मीक. वय, पासष्ट. पालकाची सही, सुलाबाई. आणि खाली एक रकाना असतो ना, 'पाल्याविषयी विशेष माहिती'… त्यात तिनं लिहिलंय, बडबड फार, लक्ष कमी, उशिरा समजतं.

मी दोनदा वाचला अर्ज. खोडण्यासारखं काही सापडलं नाही. गुपचूप नेऊन दिला.